मॅव्हिसची जांभळी पत्रिका

सिरिल हेब्डनच्या घरात एक खोली अशी होती, की तिथे चहा न्यायला बंदी होती. आमच्या ब्रॅकनशॉ गावात असं दुसरं घर सापडणार नाही. त्याची बायको ऑलिव्ह चारचौघांत सांगायची, "चर्चमध्येसुद्धा प्रार्थना संपली की चहा मिळतो बाई. पण आमच्या ह्याच्या खोलीत नाही."

त्या खोलीत होत्या पत्रिका. आमच्या कॅनल लेनच्या मैदानावर शनिवारी संध्याकाळी मोटरसायकलींच्या शर्यती होतात, ब्रेक नसलेल्या गाड्यांच्या. चार गाड्या, चार फेऱ्या, मिनिटभरात खेळ खलास, आणि पुढच्या रांगेतल्यांच्या तोंडावर धावपट्टीवरच्या लाल चुऱ्याचा थर. आमच्या संघाचं नाव 'हेरन्स'. हेरन म्हणजे बगळा, म्हणून गाव त्यांना सरळ बगळेच म्हणतं. दर शनिवारी या शर्यतींची एक छापील पत्रिका निघते आणि १९४७ पासूनची प्रत्येक पत्रिका सिरिलच्या करड्या खोक्यांत तारीखवार उभी होती. बस डेपोच्या भांडारात एकतीस वर्षं नटबोल्ट लावून ठेवलेला माणूस, त्याच्याकडे दुसरं काय होणार? पत्रिका हातात घ्यायच्या तर पांढरे सुती हातमोजे. घडी पडलेली नको, कोपरा दुमडलेला नको, आणि मुख्य म्हणजे आत पेन्सिलीची एक रेघ नको. कोरीच हवी.

आता इथेच गंमत आहे. शर्यतीची पत्रिका मुळात कोरी ठेवण्यासाठी नसतेच. आत प्रत्येक शर्यतीचा तक्ता असतो, लाल, निळा, पांढरा, पिवळा अशा चार शिरस्त्राणांच्या चार ओळी, आणि पुढे रिकामे चौकोन. पहिल्याला तीन, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, शेवटच्याला भोपळा. गाडी बंद पडली तर एक खूण, स्वार पडला तर दुसरी. हे सगळं प्रेक्षकानं आपल्या हातानं भरायचं. आमच्याकडे पोरं बाराखडी नंतर शिकतात, आधी पत्रिका भरायला शिकतात. म्हातारी माणसं मांडीवर फळी घेऊन येतात आणि पेन्सिल हरवू नये म्हणून ती दोऱ्यानं गळ्यात अडकवतात. न भरलेली पत्रिका घरी नेणारा माणूस एक तर परगावचा असतो, नाहीतर सिरिल हेब्डन असतो.

तो बाकावर हात मांडीवर ठेवून बसायचा, पत्रिका पुठ्ठ्याच्या पाकिटात. शेजारी त्याचा जिवाभावाचा मित्र डेनिस क्रॅब्ट्री, डेपोतला ड्रायव्हर. डेनिसच्या पलीकडे त्याची बायको मॅव्हिस, तिच्या पलीकडे ऑलिव्ह. तिसऱ्या वळणावरचा तो बाक तेवीस वर्षं या चौघांचाच होता.

"सिरिल," मॅव्हिस म्हणायची, "लग्नाला येऊन उपाशी जाणारा तूच एक."

"माझं पोट बघून भरतं."

"मग निकाल काय झाला, सांग बघू!"

ते मात्र त्याला सांगता यायचं नाही. न लिहिणाऱ्याच्या लक्षात तेरा शर्यती राहतात होय?

मॅव्हिस स्वतः भरायची ती अशी, की बघत राहावं. अक्षर बारीक, बेरजेत सात आला की त्याच्या पोटात आडवी रेघ. आणि नुसते आकडे नाहीत, समासात शेरेही. सुरुवातीला मागे राहिलेल्या स्वाराच्या नावापुढे 'झोपला', रडतराऊ कप्तानापुढे 'ह्याच्या आईला बोलवा'. घरी आल्यावर डेनिस ते मोठ्यानं वाचायचा आणि दोघं पुन्हा एकदा हसायची.

सिरिलच्या संग्रहात सगळं होतं, एक सोडून. १९६२ च्या जूनमधली एक पत्रिका, जिला आम्ही सगळे 'जांभळी' म्हणतो. त्या आठवड्यात छापखान्यात पांढरा कागद संपला होता. छपाईवाल्यानं कुठल्याशा मिठाईच्या दुकानासाठी आणलेला जांभळा कागद काढला आणि त्यात निघाल्या तेवढ्या प्रती काढल्या. आज त्या चार-पाचच उरल्या असतील. आणि नेमक्या त्याच शनिवारी, अठ्ठाविसाव्या वर्षी, सिरिलला गालगुंड झालं होतं. लहान पोरांचा आजार घेऊन तो खाटेवर पडला होता आणि डेपोतले लोक खिडकीतून डोकावून हसून जात होते.

त्याची जागा रिकामी राहिली म्हणून डेनिसच्या शेजारी त्या दिवशी एक अनोळखी मुलगी येऊन बसली. तीच मॅव्हिस. बरोबर तिची गिरणीतली मैत्रीण ऑलिव्ह. डेनिस पुढे आयुष्यभर सांगत सुटला, "सिरिलचे गाल सुजले म्हणून माझं लग्न झालं." आणि सिरिलचंही, वर्षभरानं, ऑलिव्हशी. गालगुंडाचा एवढा फायदा दुसऱ्या कुणाला झाला नसेल. पण जांभळी हुकली ती हुकलीच. मॅव्हिसनं भरलेली तिची जांभळी डेनिसच्या कपाटात होती, आणि सिरिल ती बघून दर वेळी एकच वाक्य बोलायचा, "कोरी असती तर!"

मॅव्हिस १९८५ च्या हिवाळ्यात गेली. शेवटचे दोन महिने डेनिसनं बसवरून रजा घेतली होती.

दोन वर्षांनी मैदानाला चाळीस वर्षं झाली. क्लबानं जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं आणि मांडणी अर्थातच सिरिलकडे आली. डेनिसनं जांभळी आणून दिली. दोन्ही हातांनी दिली.

"जपून रे," एवढंच म्हणाला.

सिरिलनं ती जपली, आणि घात झाला तो तिथेच. जपणं म्हणजे काय, याची त्याची व्याख्या एकच. आपल्या मित्राकडे गावातली सगळ्यात दुर्मीळ पत्रिका आहे, तिच्यावर पेन्सिलीच्या रेघोट्या आहेत, आणि त्या काढायची कला आपल्याला येते, तर मित्राचं एवढं काम करू नये? पावाचा मऊ गर घ्यायचा, त्याची गोळी करायची, आणि कागदावर हलक्या हातानं फिरवायची. रबरानं कागद खरवडतो, गरानं नाही. तीन संध्याकाळी तो ते करत बसला. एकेक शर्यत पुसली. एकेक शेरा वाचला, हसला, आणि पुसला. अकराव्या शर्यतीपुढे 'हा गप्प बसेल तर शपथ' असं होतं. तेही पुसलं. शेवटी फुंकर मारून चुरा उडवला आणि ऑलिव्हला हाक मारली.

"बघ! जणू आज छापून आली."

ऑलिव्ह दारातूनच बघत राहिली. मग म्हणाली, "सिरिल, काय करून बसलास रे हे?"

त्याला कळेना. दुसऱ्या दिवशी त्यानं मोठ्या दिमाखात ती डेनिसपुढे ठेवली. "चौपट किंमत झाली हिची. आभार मानू नकोस."

डेनिसनं पान उलटलं. मग दुसरं उलटलं. मग पत्रिका उजेडाकडे धरली, जणू अक्षरं मागच्या बाजूला गेली असतील. तो ओरडला असता, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं टोपी घातली, जांभळी कोटाच्या आत ठेवली आणि निघून गेला. पुढच्या शनिवारी तिसऱ्या वळणावरच्या बाकावर सिरिल आणि ऑलिव्ह दोघंच होती. डेनिसची चौकड्यांची टोपी मैदानाच्या पार पलीकडे, पहिल्या वळणावर दिसत होती.

सिरिलला तेव्हा कळलं. उशिरा कळलं, पण कळलं ते पूर्ण कळलं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की आठवडाभर तो खोलीत गेला नाही. मग त्यानं पत्र लिहिलं. उत्तर नाही. आपल्या संग्रहातल्या दोन उत्तम पत्रिका पाठवल्या. न उघडता परत आल्या. शेवटी तो वाचनालयात बसला, १९६२ चं वर्तमानपत्र काढून तेराही शर्यतींचे निकाल उतरवून घेतले, नीट तक्ता करून पाठवला. तक्ता परत आला तेव्हा खाली डेनिसनं एक ओळ लिहिली होती. 'अक्षर तुझं आहे.'

त्या रात्री जेवताना सिरिल बटाटे चिवडत बसला. ऑलिव्हला राहवलं नाही.

"एडनाला विचार ना."

"कोण एडना?"

"अरे, आमच्या गिरणीतली. शनिवारी संध्याकाळी मासे तळायच्या दुकानात काम करायची, म्हणून तिला कधी शर्यतीला येता यायचं नाही. मॅव्हिस नेहमी दोन पत्रिका घ्यायची. एक स्वतःची, एक एडनासाठी भरायची. घरी जाताना तिला द्यायची आणि बदल्यात चिप्सचा पुडा घ्यायचा. जांभळीच्या दिवशीही दोन भरल्या होत्या. मी शेजारीच होते की!"

सिरिलनं काटा खाली ठेवला. "हे मला आत्ता सांगतेस?"

"तेवीस वर्षं त्या बाकावर बसलास. तिच्या मांडीवर दोन पत्रिका असायच्या. तुला दिसल्या नाहीत, त्याला मी काय करू?"

एडना लग्न होऊन मोरकॅमला, समुद्रकाठी गेली होती. सिरिल दुसऱ्याच दिवशी बसनं तिकडे गेला. एडनानं त्याला चहा दिला, केक दिला, आणि सांगितलं की घर बदलताना जुन्या कागदांची सगळी खोकी एका भंगारवाल्यानं उचलून नेली. "तेलकट कागद होते हो. कोण ठेवणार?"

झालं. तेव्हापासून आमच्या सिरिलचं अधःपतन सुरू झालं. जुन्या पत्रिकांचे बाजार भरतात, चर्चच्या सभागृहांत, शाळांच्या जेवणघरांत. टेबलावर कोऱ्या प्रती प्लास्टिकच्या वेष्टनात मांडलेल्या असतात, आणि टेबलाखाली जमिनीवर एक खोकं असतं भंगारातून आलेल्या, भरलेल्या प्रतींचं. फाटक्या, चहाचे डाग पडलेल्या, कुणी कुणी भरलेल्या. त्या खोक्याकडे जातिवंत संग्राहक बघतसुद्धा नाही. आणि हा हातमोजेवाला सिरिल हेब्डन आता प्रत्येक बाजारात गुडघे टेकून त्या खोक्यात तोंड घालून बसलेला दिसायचा.

"काय सिरिल, घसरलास रे पार!" बाकीचे हसायचे.

"गुडघे दुखतात, म्हणून खाली बसलोय," तो म्हणायचा.

एक वर्ष गेलं, दोन गेली, पाच गेली. दर शनिवारी तो मैदानापलीकडची चौकड्यांची टोपी बघायचा. आठव्या वर्षी त्याच्या लक्षात आलं की डेनिस पत्रिका नाकाला लावून भरतो. नवव्या वर्षी भिंग आलं. ऑलिव्हनं डेनिसच्या बहिणीकडून बातमी काढली. डोळ्यांच्या मधोमध काळोख धरत चालला होता, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की वर्षभरात वाचणं जाईल.

सिरिलची झोप उडाली. आजवर पत्रिका सापडली तर बरं, असं होतं. आता ती याच वर्षी सापडायला हवी होती. मॅव्हिसचं अक्षर डेनिसला परत द्यायचं तर ते त्याला वाचता यायला हवं. उन्हाळ्याभरात त्यानं अकरा बाजार केले. ऑलिव्ह कुरकुर न करता सँडविचं बांधून देत होती, हेच मोठं नवल.

सप्टेंबरात लीड्सजवळच्या एका सभागृहात ब्रेंडा नावाची जाडजूड विक्रेती बाई खुर्चीवर बसून स्वेटर विणत होती. तिच्या टेबलाखालचं खोकं सिरिलनं ओढलं.

"राजा, वर चांगला माल आहे की," ती म्हणाली. "खाली सगळा कचरा आहे. काही तर तळलेल्या आहेत, शप्पथ. वास घेऊन बघ."

सिरिलनं खरंच वास घेतला. जुनं तेल आणि चिप्सवरचं व्हिनेगर. एकेक तेलकट पत्रिका बाजूला करत तो तळाशी गेला आणि तळाशी जांभळा रंग दिसला. मुखपृष्ठ अर्धं फाटलेलं. मधल्या पानावर तेलाचा असा डाग, की पलीकडचं आरपार दिसावं. पण प्रत्येक साताच्या पोटात आडवी रेघ होती.

"काय रे, बरं वाटत नाही का तुला?" ब्रेंडानं सुया खाली ठेवल्या. "पाणी देऊ?"

"ही," सिरिल म्हणाला. "ही किती?"

"ही? ही अशीच घेऊन जा. आणि डोळे पूस आधी, लोक म्हणतील मी फसवलं."

हातमोजे तिथेच विसरून तो बसस्टँडकडे धावला. बासष्टाव्या वर्षी धावणं म्हणजे काय ते त्याच्या गुडघ्यांना विचारा. बसमध्ये त्यानं पत्रिका उघडली, अकराव्या शर्यतीपर्यंत वाचत आला आणि झटकन मिटली. पुढचं वाचायचा आपल्याला हक्क नाही, असं त्याला वाटलं.

डेनिसनं दार उघडलं. समोर कोण आहे ते त्यानं मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेनं बघून घेतलं.

"काय पाहिजे?"

"आत येऊ?"

"नऊ वर्षं बाहेर उभा आहेस, अजून पाच मिनिटांनी काय बिघडतं?"

"डेनिस, अक्षर माझं नाही," सिरिल म्हणाला आणि जांभळी पुढे केली.

डेनिसनं ती घेतली नाही. आधी वास घेतला. मग म्हणाला, "एडनाचं दुकान." आणि दार उघडं ठेवून आत गेला.

स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी खिडकीच्या उजेडात, भिंग लावून, तो एकेक ओळ वाचत गेला. 'झोपला.' 'पुन्हा झोपला.' 'ह्याला उशी द्या.' हसू येत होतं तरी तो दाबून धरत होता. सिरिल उभाच होता. अकराव्या शर्यतीपाशी डेनिस थांबला. इथे समास अपुरा पडला होता आणि मॅव्हिसनं पान आडवं करून लिहिलं होतं, कारण ही प्रत मैत्रिणीसाठी होती आणि मैत्रिणीला सगळं सांगायचं असतं. डेनिसनं ते हळूहळू, मोठ्यानं वाचलं.

"'एडना, शेजारी एक ड्रायव्हर बसलाय, ह्याचं तोंड बंद होत नाही. बाराव्या शर्यतीपर्यंत असाच बडबडला तर उठून जाईन. नाक मात्र छान आहे.'"

खाली बाराव्या शर्यतीपुढे तीनच शब्द होते. 'उठले नाही गं.'

डेनिसनं भिंग खाली ठेवलं आणि नाकाला हात लावला. मग दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला, चांगला मोकळा रडला. सिरिललाही आवरेना. दोन म्हातारे तेलकट कागदाच्या दोन बाजूंना बसून हुंदके देत होते.

"हे मला माहीत नव्हतं," डेनिस डोळे पुसत म्हणाला. "माझ्या प्रतीत फक्त शपथ होती. नाकाचं तिनं मला कधी सांगितलं नाही. तेवीस वर्षांत एकदाही नाही!"

"सांगितलं असतं तर तू आणखी चढला असतास."

"ते खरं आहे." त्यानं नाक शिंकरलं. मग कपाटातून पुसलेली जांभळी काढून सिरिलपुढे टाकली. "ही ने तुझी कोरी. मला काय करायचीय?"

सिरिलनं ती घरी नेली. करड्या खोक्यात १९६२ च्या जूनमध्ये एका बोटाची फट होती, तिथे ती नीट बसली. संग्रह पूर्ण झाला. ऑलिव्ह दारातून बघत होती. "खूश?" तिनं विचारलं. त्यानं खोकं मिटलं. मग म्हणाला, "चहा आण ना. इथेच."

हंगामाच्या शेवटच्या शनिवारी डेनिस तिसऱ्या वळणावरच्या बाकावर आपल्या जुन्या जागी येऊन बसला, चौकड्यांची टोपी, मांडीवर फळी. सुरुवातीची फीत उडाली, चार गाड्या गर्जना करत सुटल्या, लाल चुरा तोंडावर आला, आणि मिनिटभरात सगळं शांत झालं. डेनिस मान तिरकी करून बघत होता.

"कोण आलं रे पहिलं? मला नुसते रंग फिरताना दिसतात."

"लाल."

"मग लिही की." त्यानं फळी आणि पेन्सिल सिरिलच्या मांडीवर ठेवली.

"मी?"

"मग काय ऑलिव्हच्या पिशवीतला डबा लिहिणार? लिही, साहेब. लाल तीन. मग?"

सिरिलनं पेन्सिल धरली, पहिलीतल्या पोरासारखी. आयुष्यात पहिल्यांदा तो कोऱ्या चौकोनाला पेन्सिल लावत होता. लालपुढे तीन, निळ्यापुढे दोन, पांढऱ्यापुढे एक, पिवळ्याला भोपळा. मग ध्वनिक्षेपकावर निकाल आला आणि कळलं की दुसरा पांढरा होता, निळा नव्हे. सिरिलचा चेहरा पडला. त्याचा हात सवयीनं कोटाच्या खिशातल्या सँडविचकडे गेला, पावाच्या गरासाठी.

डेनिसला डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं, पण तो हात त्याला बरोबर दिसला. त्यानं सिरिलचं मनगट पकडलं.

"पुसायचं नाही," तो म्हणाला. "बाजूला लिही, 'चुकलो'. आणि पुढची शर्यत बघ."